पंटच्या वेळी चहाला उठू नका

प्रश्न : ताई, माझी मुलगी २०२४ च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅन आर्बरला मिशिगन विद्यापीठात एमएस करायला गेली. माझ्या भावाचा मुलगा कोलंबसला, ओहायो स्टेटमध्ये शिकतोय. एका ताटात जेवून मोठी झालेली ही दोघं. त्याच नोव्हेंबरात अमेरिकन फुटबॉलच्या एका सामन्यावरून त्यांचं बोलणं आठ दिवस बंद होतं. आता पुन्हा तो सामना जवळ आलाय आणि फोनवर दुसरा विषय नाही. तुम्ही तिकडे तीस वर्षं राहता. या सामन्यात एवढं आहे तरी काय? तुमच्या आठवणीतले सामने सांगा, म्हणजे मला मुलीशी चार शब्द बोलता येतील. आणि तिथे मारामाऱ्या होतात म्हणे, तेही सांगा.
— एक आई, सांगली

उत्तर : भावंडांचं आधी सांगते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. २५ नोव्हेंबर १९५० ला याच दोन विद्यापीठांचा सामना कोलंबसमध्ये भर हिमवादळात झाला. मिशिगनकडून टोनी मॉमसेन खेळत होता आणि ओहायो स्टेटकडून त्याचा सख्खा भाऊ बॉब. दोघंही ओहायोतल्या टोलीडोचे. त्या दिवसाचा एकुलता एक टचडाउन, म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे नेणं, टोनीने केला, आणि त्यावर मिशिगन ९-३ ने जिंकलं. त्या रात्री त्यांच्या आईने जेवायला कोणाला आधी वाढलं असेल, असं मला नेहमी वाटत आलंय. तेव्हा मामे-आते भावंडांचे आठ दिवस म्हणजे काहीच नाही.

टोलीडोचं नाव आलंच आहे तर एक सांगून टाकते. हे गाव कोणाचं, यावरून १८३५ मध्ये मिशिगन आणि ओहायो शस्त्रं घेऊन एकमेकांसमोर उभे राहिले होते. शेवटी वॉशिंग्टनने टोलीडो ओहायोला दिलं, मिशिगनला वरचं जंगलाचं द्वीपकल्प दिलं आणि १८३७ मध्ये राज्याचा दर्जा. फुटबॉलचा पहिला सामना १८९७ चा, मिशिगनने ३४-० ने जिंकलेला. म्हणजे भांडण खेळाच्या आधीचं आहे. अ‍ॅन आर्बर ते कोलंबस अंतर साधारण तीनशे किलोमीटर, तीन तासांचा रस्ता. यूएस २३ नावाचा महामार्ग या गावाला त्या गावाशी जोडतो, आणि वाटेत टोलीडो लागतंच.

आता खेळाचं. तुम्हाला सगळे नियम सांगत बसत नाही, एकच सांगते. चेंडू ज्याच्याकडे आहे त्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. तीन प्रयत्नांत जमलं नाही, तर चौथ्याला बहुतेक वेळा ते चेंडू लाथेने लांब उडवून समोरच्याच्या हवाली करतात. याला पंट म्हणतात. टीव्हीसमोर बसलेला नवखा माणूस नेमका इथे चहा टाकायला उठतो, कारण त्याला वाटतं, आता काही घडायचं नाही. बाकीच्या सामन्यांत उठलात तरी चालेल. मिशिगन आणि ओहायो स्टेटच्या सामन्यात उठू नका.

हा नियम माझा नाही, माझ्या घरमालकांचा. मी १९९५ च्या ऑगस्टमध्ये इथे आले तेव्हा एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात तळघरातली खोली भाड्याने घेतली होती. मालक निवृत्त शिक्षक. मनातल्या मनात मी त्यांना आजोबाच म्हणायचे, इथेही तसंच म्हणते. आजोबा १९५० साली मिशिगनचे विद्यार्थी होते आणि मित्राच्या गाडीतून तो हिमवादळातला सामना बघायला कोलंबसला गेले होते. उणे बारा अंश थंडी, भणाणता वारा, मैदानावरच्या रेघा बर्फाखाली गायब. चेंडू हातात ठरत नव्हता, म्हणून दोन्ही संघांनी तो लाथेने परत परत समोरच्याला देऊन टाकला. मिशिगनचे २४ पंट, ओहायोचे २१, एकूण ४५. मिशिगनचे सगळे २४ चक ऑर्टमनच्या एकट्याच्या पायाचे. मिशिगनला पूर्ण सामन्यात एकदाही दहा यार्डांचा टप्पा पार करता आला नाही, एकही पास झेलला गेला नाही, आणि तरी ते जिंकले.

ते कसे, तर पंट अडवून. ओहायोकडून पंट मारत होता विक जॅनोविट्स. त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम खेळाडू, हाइझमन करंडक त्यालाच मिळाला. त्याचा एक पंट अडवून मिशिगनने दोन गुण मिळवले. मग मध्यंतराला मिनिटही उरलं नव्हतं तेव्हा टोनी मॉमसेनने दुसरा पंट अडवला आणि गोलरेषेपलीकडे चेंडूवर स्वतःला झोकून दिलं. आजोबांनी बुटांत वर्तमानपत्रं कोंबली होती. ती भिजून एका बाजूला गोळा झाली होती. पंट आहे, काही व्हायचं नाही, असं म्हणून ते खाली वाकले आणि बूट काढून कागद सारखे करू लागले. आरडाओरडा ऐकून मान वर केली तेव्हा टोनी चेंडूवर पडलेला होता. पन्नास हजार माणसांतून, तीन तासांचा रस्ता तुडवून, त्या दिवसाचा एकमेव टचडाउन बघायला गेलेला माणूस तो बघू शकला नाही. ही गोष्ट सांगताना पंचेचाळीस वर्षांनंतरही त्यांचा हात बुटाकडे जायचा. मी स्वतः पाहिलंय.

त्या सामन्याचा पुढचा धागा फार मोठा आहे. त्या मोसमानंतर ओहायोचे प्रशिक्षक गेले आणि १९५१ मध्ये वुडी हेज आले. हेजच्या हाताखाली बो शेम्बेक्लर नावाचा माणूस तयार झाला. आधी त्यांच्याकडे खेळला, मग कोलंबसला त्यांचा साहाय्यक झाला. १९६९ च्या मोसमासाठी मिशिगनने त्यालाच प्रशिक्षक नेमलं. गुरूसमोर शिष्य. ओहायो तेव्हा सलग २२ सामने जिंकलेलं आणि देशात पहिल्या क्रमांकावर. आदल्याच वर्षी त्यांनी मिशिगनला ५०-१४ असं तुडवलं होतं, आणि शेवटच्या टचडाउननंतर साधा एक गुण न घेता दोन गुणांसाठी प्रयत्न केला होता. ते दोन गुण काही मिळाले नाहीत, पण ती हाव मिशिगनकरांनी वर्षभर उराशी बाळगली. १९६९ ला मिशिगन २४-१२ ने जिंकलं. सगळे गुण पहिल्या अर्ध्यात, दुसऱ्या अर्ध्यात दोघांचाही भोपळा. आणि त्यात काय होतं, तर बॅरी पिअरसनने पंट झेलून ६० यार्ड मारलेली धाव. ओहायोच्या गोलरेषेला तीन यार्ड उरले तेव्हा कुठे त्याला पाडलं. आजोबा या वेळी उभे होते.

१९७३ चं नाव काढलेलं त्यांना खपायचं नाही. १०-१० अशी बरोबरी झाली, दोघंही तोवर अजिंक्य, आणि रोझ बोलला, म्हणजे मोसमाअखेरच्या मानाच्या सामन्याला, कोण जाणार हे मैदानाबाहेरच्या मतदानाने ठरलं. ओहायो गेलं. एवढं सांगून ते उठून जायचे, म्हणून मीही इथे तेवढंच सांगते.

माझा पहिला सामना १९९५ चा. थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार, २५ नोव्हेंबर. वसतिगृहं रिकामी, आम्ही चार मराठी मुली आदल्या रात्रीची मुगाची खिचडी खाऊन दहाच्या सुमाराला निघालो. मिशिगनचं स्टेडियम जमिनीत खणून बांधलंय. रस्त्यावरून बघितलं तर एवढंसं दिसतं. दरवाज्यातून आत पाऊल टाकलं की एकदम पायाखाली एक लाख माणसांची वाटी उघडते. मला त्या क्षणी पंढरीच्या वाळवंटाची आठवण झाली. लहानपणी आजीबरोबर आषाढीला गेले होते, तेव्हा चंद्रभागेच्या घाटावरून खाली बघताना पोटात असंच काहीतरी हललं होतं.

त्या दिवशी ओहायो अपराजित होतं. मिशिगनकडून चिमांगा बियाकाबुटुका नावाचा मुलगा धावत होता. जन्म झाईरचा, वाढला कॅनडात, माँट्रियलला. त्याने ३७ वेळा चेंडू घेऊन ३१३ यार्ड काढले. मला नियम येत नव्हते, पण माणूस पाडायला तिघं लागतात आणि तरी तो पुढेच पडतो, हे कळत होतं. आमच्या मागे बसलेल्या मुलांना सुरुवातीला त्याचं आडनाव नीट म्हणता येत नव्हतं. तिसऱ्या सत्रापर्यंत सगळी रांग ते तोडून तोडून, ठेक्यात म्हणत होती. इथे येऊन तीन महिने झाले होते आणि माझं आडनाव वर्गात कोणालाच नीट घेता येत नव्हतं. त्या दुपारी मला हे गाव आपलंसं वाटायला लागलं, आणि ते अजून तसंच आहे. मिशिगन ३१-२३ ने जिंकलं. ओहायोची रोझ बोलची वाट बंद झाली आणि त्यांच्या जागी नॉर्थवेस्टर्न गेलं.

पण तुमच्या मुलीने विचारलं, कुठला सामना, तर मी १९९७ सांगेन. २२ नोव्हेंबर. तोवर माझं शिक्षण संपून नोकरी लागली होती, त्यामुळे विद्यार्थ्यांचं तिकीट नव्हतं. आजींचे गुडघे दुखत होते, म्हणून आजोबांच्या शेजारची त्यांची जागा मला मिळाली. त्यांनी घरून दोन पुठ्ठे आणले होते, खोक्याचे कापून. एक माझ्या पायाखाली, एक त्यांच्या. काँक्रीटची थंडी पायातून चढते, ती पुठ्ठ्याने अडते. दुसऱ्या सत्रात ओहायोचे तीन प्रयत्न फुकट गेले. आमच्या पुढच्या रांगेतले दोघं कॉफी आणायला उठले. आजोबांनी पुढे वाकून त्यातल्या एकाचा कोट धरला आणि म्हणाले, "बस खाली. पंट आहे." तो मुलगा गोंधळून खरंच बसला.

चेंडू वर गेला. खाली चार्ल्स वुडसन उभा होता. वुडसन मुळात बचावातला खेळाडू, पण त्या वर्षी त्याला सगळीकडे वापरत होते. त्याने चेंडू झेलला, क्षणभर जागेवरच तोल सावरला, आणि मग कडेच्या रेघेकडे वळला. समोरून येणारी ओहायोची माणसं एकेक करून बाजूला पडत गेली. ७८ यार्ड. मला चेंडू दिसतच नव्हता, मी फक्त माणसांची डोकी एका दिशेने वळताना बघत होते, जसं वाऱ्याने ज्वारीचं शेत वळतं तसं. शेवटी तो गोलरेषेपलीकडे गेला तेव्हा आजोबा ओरडले नाहीत. हातातला पुठ्ठ्याचा तुकडा त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता आणि ते रडत होते. कोट धरलेला मुलगा मागे वळला आणि त्याने त्यांना मिठी मारली. मिशिगन २०-१४ ने जिंकलं, पुढे रोझ बोलही जिंकलं. वुडसनला हाइझमन मिळाला. मुख्यतः बचावात खेळणाऱ्या खेळाडूला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ.

परतताना आजोबांनी मला १९९१ सांगितलं. डेस्मंड हॉवर्डने असाच पंट झेलून ९३ यार्ड धाव घेतली होती आणि गोलरेषेपलीकडे जाऊन हाइझमनच्या पुतळ्यासारखा एक पाय उचलून, हात पुढे करून उभा राहिला होता. मग ते म्हणाले, हॉवर्ड ओहायोचा, क्लीव्हलँडचा. वुडसन ओहायोचा, फ्रेमाँटचा. शेम्बेक्लर ओहायोचे, बार्बरटनचे. टोनी मॉमसेन तर टोलीडोचाच. आपल्या भाषेत सांगायचं तर या सगळ्यांचं माहेर ओहायो आणि नाव निघालं ते सासरी. तुमच्या भाच्याला हे सांगू नका एवढ्यात. त्याला आवडणार नाही.

हरल्याचंही सांगायला हवं. २००६ मध्ये ओहायो पहिल्या क्रमांकावर आणि मिशिगन दुसऱ्या, दोघंही अपराजित. सामना कोलंबसला. माझे धाकटे दीर तिथलेच, ओहायो स्टेटमधून इंजिनियर झालेले. आम्ही सगळे त्यांच्याकडे गेलो होतो. आदल्या दिवशी, शुक्रवारी, शेम्बेक्लर गेले. बातमी आली तेव्हा आम्ही गाडीत होतो, टोलीडोच्या आसपास. दुसऱ्या दिवशी सामन्याआधी ओहायोच्या स्टेडियमवर त्यांच्यासाठी सगळे स्तब्ध उभे राहिले. एक लाख लाल कपड्यांतली माणसं, ज्यांना त्यांनी इतक्या वेळा रडवलं होतं, ती. दिवाणखान्यात भाऊजी सोफ्यावरून उठले आणि डोक्यावरची लाल टोपी काढून हातात घेतली. "वहिनी, ते आमचेच होते आधी," एवढंच म्हणाले. ओहायो ४२-३९ ने जिंकलं. भाऊजी त्या रात्री जिंकल्याचं एक अक्षर बोलले नाहीत, जेवताना दोनदा माझ्या पानात वाढलं फक्त.

त्यानंतरची वर्षं वाईट गेली. २०१२ ते २०१९ सलग आठ पराभव, २०२० ला कोविडमुळे सामनाच नाही. आजोबा या मधल्या काळात गेले. २७ नोव्हेंबर २०२१ ला बर्फ भुरभुरत होता आणि माझी मुलगी विद्यार्थ्यांच्या घोळक्यात होती. हॅसन हॅस्किन्सने पाच टचडाउन केले. एडन हचिन्सन, ज्याचे वडीलही मिशिगनकडूनच खेळले, त्याने ओहायोच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, तीनदा आडवं केलं. ४२-२७. शेवटी मुलं मैदानात उतरली आणि हिरवं दिसेनासं झालं. मुलीने तिथून फोन केला. आवाजात काही ऐकू येत नव्हतं. घरी आली तेव्हा तिच्या बुटाला मैदानावरचे काळे रबराचे कण चिकटले होते. मी त्यातले चिमूटभर कागदात बांधून आजोबांच्या थडग्यापाशी ठेवून आले.

मारामाऱ्यांचं विचारलंत. खोटं सांगणार नाही. २०२४ ला कोलंबसमध्ये मिशिगन १३-१० ने जिंकलं. कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं, म्हणून तुमचा भाचा एवढा दुखावला. सामन्यानंतर मिशिगनच्या मुलांनी ओहायोच्या मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायचा प्रयत्न केला. धक्काबुक्की झाली, पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला, दोन्ही विद्यापीठांना एक एक लाख डॉलर दंड झाला. मी मिशिगनची आहे, तरी स्पष्ट सांगते, ते चुकलं. दुसऱ्याच्या अंगणात जिंकावं आणि हात मिळवून निघावं. प्रेक्षकांत मात्र तीस वर्षांत मला कोणी वेडंवाकडं वागवलं नाही. मुलगी घोळक्यात असेल, तर तिची काळजी करू नका.

प्रश्न : माझा मुलगा कोलंबसला असतो. त्याने विद्यापीठातल्या पाट्यांचे फोटो पाठवले. त्यावर इंग्रजी एम अक्षर जिथे जिथे आहे तिथे लाल फुली मारली आहे. एवढा द्वेष शिक्षणाच्या ठिकाणी बरा का?
— एक वडील, मडगाव

उत्तर : ती फुली चिकटपट्टीची असते आणि त्याच आठवड्यापुरती असते, सामना झाला की काढतात. ओहायोचे लोक त्या दिवसांत मिशिगनचं नावही घेत नाहीत, 'वरच्या अंगाचा तो संघ' अशा अर्थाचं काहीतरी म्हणतात. आपल्याकडे पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तेव्हा ते नाव घरभर जास्तच ऐकू यायचं. इथेही तसंच आहे. माझ्या दिरांच्या घरी आठवडाभर 'मिशिगन' उच्चारायचं नाही आणि दिवसभर बोलायचं तेवढ्याबद्दलच. याला मी द्वेष म्हणणार नाही. ज्याचा खरा द्वेष असतो त्याच्यासाठी कोणी एवढ्या चिकटपट्ट्या कापत बसत नाही. मुलाला म्हणावं, तूही दोन पाट्यांना फुल्या मार.

प्रश्न : मुलाचं दोन वर्षांचं एमएस आहे, मिशिगनलाच. सामन्याच्या तिकिटाला पैसे घालावेत का? त्याला थंडी सोसत नाही आणि अभ्यासही आहे.
— एक आई, चिंचवड

उत्तर : घालावेत. सामना विषम वर्षी अ‍ॅन आर्बरला होतो आणि सम वर्षी कोलंबसला. म्हणजे दोन वर्षांच्या एमएसमध्ये घरच्या मैदानावर तो त्याच्या वाट्याला एकदाच येतो. एका शनिवारने अभ्यास बुडत नाही.

थंडीचं असं. सुती मोजे नकोत, लोकरीचे दोन जोड घालू दे, पण बूट आवळता कामा नये. पाय दाबला की जास्त गारठतो. आतून थर्मल, वर स्वेटर, वर वारा अडवणारं जाकीट. निळं किंवा मक्याच्या दाण्याचं पिवळं. लाल काही नको, मफलरसुद्धा. मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत, म्हणून सगळं अंगावरच. आणि खोक्याचा एक पुठ्ठा पावलांच्या मापाने कापून जाकिटाच्या आत पाठीला लावून न्यायचा, जागेवर पोचला की पायाखाली टाकायचा. कॉफी प्यायची असेल तर मध्यंतरात प्यावी.